रोगनला काढायचं तर काढा, पण ही कारणं नकोत

पिंजऱ्यात मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणाऱ्या यूएफसी या कंपनीच्या कॉमेंट्रीवरून समालोचक जो रोगनला हाकला, असं सांगणारी एक लांबलचक पोस्ट सध्या फिरतेय. चार मुद्दे, चारही ठासून मांडलेले. भाच्याने ती मला पाठवली आणि खाली लिहिलं, 'मामा, पटतंय ना?' नाही रे बाबा. दर फाइटला स्वतःचं स्कोअरकार्ड भरणारा तू, तुला तरी कसं पटलं?

सगळ्यात भंपक मुद्दा आधी घेतो. म्हणे, रोगन ज्याचं कौतुक करतो त्यालाच जज राउंड देतात. अहो, कॉमेंट्री हेडसेटमधून प्रक्षेपणात जाते, हॉलच्या स्पीकरवर नाही. तीन जज पिंजऱ्याच्या तीन वेगळ्या बाजूंना बसतात आणि अमेरिकेत त्यांना नेमतं त्या त्या राज्याचं अ‍ॅथलेटिक कमिशन, यूएफसी नव्हे. पोस्टवाल्याचा दावा असा की रोगन 'मध्यावर ताबा याचा' असं घोकतो आणि राउंड फिरतो. युनिफाइड रूल्स, म्हणजे या खेळाचे समान नियम, उघडून बघा. आधी परिणामकारक स्ट्रायकिंग (ठोसे, लाथा) आणि ग्रॅपलिंग (पकडी). ते अगदी समसमान असलं तरच आक्रमकता, आणि तीही समान निघाली तर शेवटी पिंजऱ्यावरचा ताबा. बहुतेक राउंड पहिल्याच पायरीवर निकाली निघतात. आणि जज रोगनच्या तालावर नाचत असते, तर 2020 मध्ये ह्यूस्टनला जोन्स-रेयेस लढतीच्या निकालानंतर तो ऑन एअर जजवरच एवढा का भडकला असता?

घरी बसलेल्यांचं मत मात्र तो फिरवतो, हे नाइलाजाने मान्य. एखादा फायटर आवडला की समोरच्याचे ठोसे त्याला दिसेनासे होतात. 2017 मध्ये नॉकआउट होऊन अजून भानावरही न आलेल्या फायटर कॉर्मिएपुढे त्याने माइक धरला, तेही चुकलंच. नंतर त्याने माफी मागितली.

'स्वतः कधी पिंजऱ्यात उतरला नाही, त्याला काय कळतं?' हा दुसरा मुद्दा. उतरला नाही, खरंय. पण तायक्वांदोत वाढलेला आणि जिउ-जित्सू या पकडींच्या कलेत ब्लॅक बेल्ट असलेला माणूस आहे. ट्रायंगल चोक (पायांनी मान आवळणारी पकड) लागताना नवख्याला नुसता पायांचा गुंता दिसतो. खालचा फायटर कंबर वळवून कोन साधतोय, वरच्याचं डोकं खाली ओढतोय, आता सुटणं कठीण, हे रोगन टॅप (थाप मारून हार मानणं) व्हायच्या आधी सांगतो. 1997 मध्ये तो यूएफसीत मुलाखती घ्यायला आला आणि 2002 पासून कॉमेंट्री करतोय. या खेळातलं ग्रॅपलिंग निम्म्या प्रेक्षकांना त्यानेच शिकवलं असेल.

'दर वीकेंडला डोकं उठवतो' हा तिसरा. बऱ्याच वर्षांपासून तो मुख्यतः उत्तर अमेरिकेतल्या क्रमांकित मोठ्या इव्हेंटनाच असतो. बाकीच्या वीकेंडना कोण डोकं उठवतं, ते बघा.

राहिला चौथा: माजी चॅम्पियन बसवा, सगळे वाद मिटतील. माजी फायटरलाही जुनी जिम असते, दोस्त असतात, हिशेब चुकते करायचे असतात. आणि हा प्रयोग होऊनही गेलाय. फेब्रुवारी 2022 मध्ये यूएफसी 271 ला रोगन नव्हता. अ‍ॅनिकसोबत कॉमेंट्रीला कॉर्मिए आणि बिस्पिंग होते, दोघेही माजी चॅम्पियन. मुख्य लढतीत जजनी अडेसान्याला एकमताने विजयी ठरवलं, त्याचा प्रतिस्पर्धी व्हिटाकर म्हणाला मी जिंकलो होतो, आणि चाहते नेहमीसारखे भांडत बसले.