मी, मी आणि मी

हयातीचा दाखला मी दरवर्षी देते. त्यात अवघड काही नाही. समोर जाऊन उभं राहायचं, खिडकीतली मुलगी मान वर करून बघते, "हां, आसात" म्हणते आणि शिक्का मारते. पण मी जिवंत आहे हे पटवणं सोपं आणि मी मीच आहे हे पटवणं महाकर्मकठीण, हे मला बहात्तराव्या वर्षी कळलं.

निमित्त नातवाचं. त्याला युरोपात जायचंय आणि त्यासाठी आमच्या गोव्यात आजी लागते. तीही 19 डिसेंबर 1961 च्या आधी, म्हणजे पोर्तुगीज इथून जायच्या आधी जन्मलेली. माझा जन्म 1953 चा, डिचोलीकडचा. म्हणजे आठ वर्षं मी पोर्तुगालच्या सालाझारची प्रजा होते. मला ते कधी जाणवलं नाही. पेज तीच होती आणि तोंडी लावायला करमही तीच. आता माझी जन्मनोंद लिस्बनच्या दप्तरात चढली, की मागून मुलाची आणि त्याच्या मागून नातवाची. मी इंजिन, बाकीचे डबे. पूर्वी ह्या पोर्तुगीज पासपोर्टवर पोरं इंग्लंडात स्विंडनला जायची. 2020 मध्ये ब्रेक्झिटनं ते दार लावलं, म्हणून आमचा जर्मनी म्हणतो.

इंजिनाला मान असतो बरं का. एरवी माझ्या गुडघ्यांची चौकशी न करणारं पोर हल्ली "आजी, जिना जपून" म्हणतं. कागद पुरे होईपर्यंत मला पडायची परवानगी नाही.

नोंदणी कार्यालयातून माझा 'तेओर' निघाला. जुन्या वहीतल्या हस्ताक्षराची जशीच्या तशी प्रत. काय सुंदर अक्षर! वेलीसारखं वळणदार, आणि मजकूर सगळा चुकीचा. बाबा माझी नोंद करायला गेले ते उशिरा. दंड चुकवायला त्यांनी मला तिथल्या तिथे पंधरा दिवसांनी लहान केलं. बायका वय चोरतात म्हणतात; माझं तर बापानंच चोरून दिलं. नाव त्यांनी सांगितलं शेवंती. प्रभूंचे 'पोरोबो' आणि कामतांचे 'कामोतिम' करणारी ती भाषा. तिनं सुरुवातीला 'श'साठी एक्स लावला, शेवटी एम लावला आणि माझी 'शेवंतीम' झाली.

कारकून म्हणाला, "मावशे, ही शेवंतीम कोण?"

"मी."

"आनी आधार कार्डार सुलक्षणा आसा ती?"

"तीही मीच."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी दोघींचं रेशन उचलते.

सुलक्षणाची गोष्ट अशी. 1974 साली लग्न झालं तेव्हा ताटात तांदूळ पसरून ह्यांनी त्यात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. 'क्ष' काढताना अंगठी अडली, दोन दाणे उडून माझ्या मांडीवर पडले. एवढंच माझं बारसं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी ते तांदूळ शिजवले. म्हणजे पुरावा पहिल्याच पंगतीत संपला. तांदळाची तेओर कुठं मिळते?

त्यात लग्नाच्या सरकारी वहीत सही केली ती माहेरच्या नावानं, साधी शेवंती, एमशिवाय. आधारवाल्या मुलानं सुलक्षणाचं इंग्रजी स्पेलिंग स्वतःच्या कल्पनेनं केलं. असा आमचा चौघींचा संसार. वकील म्हणाले, "प्रतिज्ञापत्र करू. ह्या सगळ्या एकच व्यक्ती." पंचवीस वर्षं अद्वैतावरची प्रवचनं ऐकली, पण हे इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं, आणि तेही स्टॅम्पपेपरवर.

मध्येच लग्नाचा दाखला हरवला. कपाटं झाली, ट्रंका झाल्या. शेवटी शेजारीण म्हणाली, "सांत आंतोनाक मेणबत्ती लाय, हरवलेलं मेळटा." लावली. देवाधर्मात मी भेद करत नाही, आणि सांत आंतोन तर मूळचा लिस्बनचा, तिकडच्या ऑफिसात वशिला असेलच. दाखला संध्याकाळी सापडला, चतुर्थीच्या नेवऱ्यांच्या साच्याखाली. तिथं कुणी ठेवला, हे सगळ्यांना माहीत होतं आणि मी विचारलं नाही.

एवढं झाल्यावर सही करायला माझाच हात उचलेना. म्हणजे मी उद्या पोर्तुगीज? माझं मत जाईल? म्हाताऱ्यांना सरकार देतं ते दयानंद योजनेचे पैसे? वकील म्हणतात एक, शेजारीण दुसरं, आणि नातवाचा मोबाइल तिसरंच. म्हटलं, ज्याला ही सगळी खटपट ठाऊक आहे त्यालाच विचारू. ग्रामदेवीकडे प्रसाद लावायचा ठरलं. मूर्तीवर पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको.

सगळं कुटुंब हात जोडून उभं. गुरवांनी गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली आणि थांबून विचारलं, "नांव?"

मुलगा म्हणाला, "सुलक्षणा." नातू म्हणाला, "शेवंतीम, एमसकट." माझ्या तोंडून निघालं, "शेवंती." पन्नास वर्षांत कुणी मारली नव्हती ती हाक मीच मला मारली. घसा का दाटला ते सांगता येणार नाही. उदबत्तीचा धूर फार होता.

गाऱ्हाणं अर्ध्यावर असतानाच उजवी पाकळी टपकन पडली.

"झालं!" नातू म्हणाला.

"प्रश्न कुठं विचारला होता अजून?" सून म्हणाली. पोरगा दूर जाऊ नये असं घरात तिला एकटीलाच वाटतं. म्हणजे उघडपणे तिला एकटीला.

बाहेर येताना एकावन्न रुपयांची पावती मिळाली. निळ्या शाईत, देवनागरीत, स्वच्छ: शेवंती. गाडीत बसल्यावर नातवानं ती निरखून बघितली. "आजी, हिच्यावर शिक्का आहे, तारीख आहे. दे, फाइलला लावतो."

मी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि कमरेच्या बटव्यात घातली. म्हटलं, "तुला तीन दिल्यात ना? ही माझी."