मांडीला ओढणी आवळून चालू नका

तलावपाळीला सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज आता माझ्या आईपर्यंत पोचलाय. तिला बीपीची गोळी चालू आहे, पायांच्या शिरा फुगलेल्या आहेत. मेसेज असा: 'जपानी तंत्र! मांडीला आणि गुडघ्याखाली ओढणी घट्ट बांधून अर्धा तास चाला. पाय बधिर झाला की समजा काम सुरू झालं. जिममधल्या जड वजनांइतकी ताकद येते, शुगर-बीपी गायब.'

यातलं सगळ्यात घातक वाक्य बधिरपणाचं. पाय बधिर होतो तो मज्जातंतू दाबला गेल्यामुळे, व्यायाम लागू पडल्यामुळे नव्हे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, पाऊल वर उचलणारा मज्जातंतू हाडावरून अगदी कातडीलगत जातो. तिथे गाठ आवळून अर्धा तास चाललात तर पाऊल उचलेनासं होऊ शकतं, पुढचा पाय घासत चालावं लागतं आणि सुधारायला आठवडे, कधी महिने जातात. मेसेजमागची खरी पद्धत म्हणजे 'ब्लड फ्लो रिस्ट्रिक्शन': फुगवायचा पट्टा बांधून रक्तप्रवाह कमी करायचा आणि हलका व्यायाम करायचा. त्या पट्ट्याची जागा मांडीच्या वरच्या टोकाला, जांघेजवळ. बधिर वाटलं की तत्क्षणी सोडायचा.

'घट्ट' म्हणजे किती? ओढणीला आकडा नसतो. शिवाय ती पिळून दोरीसारखी होते आणि सगळा दाब चिंचोळ्या जागेवर येतो. या पद्धतीत शिरेतून परत जाणारं रक्त अडवायचं असतं. धमनीतून येणारं कमी करायचं, बंद नाही. त्यामुळे प्राणवायू तोकडा पडतो, हलक्या कामाचे तंतू लवकर थकतात आणि एरवी जड वजनालाच जागे होणारे तंतू कामाला लागतात. फिजिओ घोट्याजवळच्या धमनीवर डॉप्लर (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र) धरून रुंद पट्टा फुगवतात आणि आवाज किती दाबाला बंद होतो ते पाहतात. समजा १८० ला झाला, तर व्यायामाला त्याच्या ४० ते ८० टक्के, म्हणजे ७२ ते १४४.

हे प्रमाण २०१९ साली पॅटरसन आणि सहकाऱ्यांनी 'फ्रंटियर्स इन फिजिऑलॉजी'त मांडलेलं आहे. वजनाचंही तिथेच आहे: एकदाच जेमतेम उचलता येतं त्याच्या २० ते ४० टक्के. ४० किलो उचलत असाल तर ८ ते १६. आधी ३० वेळा, मग तीनदा १५-१५, मध्ये ३० ते ६० सेकंद विश्रांती.

चालण्याचा मुद्दा निखालस खोटा नाही, एवढं मान्य करावं लागतं. २००६ साली आबे आणि सहकाऱ्यांनी तरुण पुरुषांना पट्टे बांधून मिनिटाला ५० मीटर वेगाने चालवलं आणि तीन आठवड्यांत मांडीच्या स्नायूंचा आडवा छेद, म्हणजे जाडी, ४ ते ७ टक्के वाढला. पण तिथे दाब मोजलेला होता आणि चालणं दोन-दोन मिनिटांचं, पाचच वेळा, मध्ये मिनिटभर थांबून. अर्धा तास सलग कुणी चाललं नव्हतं. आणि जड वजनांइतकी ताकद? आकार जवळपास तेवढा वाढतो, ताकद कमीच पडते.

शुगर-बीपी 'गायब' यावर काय बोलायचं! पट्टा लावून व्यायाम करताना बीपी उलट जास्त चढतं.

गुठळीचा इतिहास, आटोक्यात नसलेलं बीपी, फुगलेल्या शिरा, गरोदरपण: यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पट्टासुद्धा नको. कुणी आधीच बांधून चाललं असेल आणि एकच पोटरी सुजली, किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सूज ही शिरेत गुठळी झाल्याची खूण असू शकते आणि काळी लघवी स्नायू फुटल्याची. त्यातून मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.