आरएक्स १०० च्या कामाबद्दल तुमच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार.

तुमच्या वडिलांची नऊ वर्षं उभी असलेली यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल आम्ही दुरुस्त करून दिली, त्याबद्दलच्या तक्रारींना हे उत्तर. त्याआधी एक विनंती. आमचा माणूस येऊन बघेपर्यंत गाडी चालवू नका. पंपावर टाकी फुल्ल केली, भाट्याचा पूल ओलांडून आठेक किलोमीटर गेल्यावर गाडी दमत दमत बंद पडली आणि दहा मिनिटांनी पहिल्या किकला चालू झाली, असं तुम्ही लिहिलंय. टू-स्ट्रोक गाडी (पेट्रोलसोबत ऑइल जाळणारी) अशी वागली की दोन शंका घ्यायच्या: पिस्टन तापून सिलिंडरमध्ये पकडतोय किंवा पेट्रोल पोचत नाहीये. बंद पडल्या पडल्या किक जड लागली तर पिस्टन. किक नेहमीसारखी असेल तर टाकीचं झाकण उघडायचं. फुस्स असा आवाज होऊन हवा आत गेली आणि मिनिटभरात गाडी सुरू झाली, तर दोष झाकणाचा.

तुमच्या वर्णनावरून आम्हाला झाकणच वाटतंय, आणि तसं असेल तर चूक पूर्णपणे आमची आहे. टाकीतलं पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा झाकणातल्या बारीक छिद्रातून आत यावी लागते. नऊ वर्षं उभ्या असलेल्या गाडीत तिथे गंज धरतो, नाहीतर कुंभारीण माशी माती भरून ठेवते. (सायलेन्सरच्या तोंडात तिचं घर होतं, ते आम्ही काढलं. तेव्हाच झाकण खोलायला हवं होतं.) छिद्र बंद असलं की टाकीत ओढ तयार होते, पेट्रोल उतरायचं थांबतं आणि कार्बोरेटरचा (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचा) वाडगा रिकामा होतो. थांबल्यावर थोडी हवा कुठून तरी शिरते, म्हणून दहा मिनिटांनी गाडी चालते. आमच्या ट्रायलमध्ये हे दिसलं नाही, कारण टाकीत जेमतेम लिटरभर पेट्रोल होतं. वर हवा भरपूर असली की ओढ तयार व्हायला फार वेळ लागतो. टाकी पूर्ण भरून लांबची फेरी मारायला हवी होती, ती आम्ही मारली नाही. गाडी बंद पडण्याआधीचा शेवटचा किलोमीटर इंजिन कमी पेट्रोलवर पळतं आणि त्यात पिस्टन भलताच तापतो. चालवू नका म्हणतोय ते त्यासाठी.

आता बाकीच्या तक्रारी. तुमचं म्हणणं, आम्ही तीन दिवस सांगून १९ दिवस लावले, फक्त कार्बोरेटर साफ करायचा होता तरी ९,४०० रुपये बिल केलं, नक्षी शाबूत असताना टायर बदलले, आणि ऑइलची वेगळी टाकी असलेल्या गाडीत पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून धूर काढला.

तीन दिवस हे आम्ही फोनवर, गाडी न बघता सांगितलं. ते चुकलंच. तुम्ही गणपतीच्या सुट्टीचा हिशेब करून गाडी दिली होती आणि त्या सुट्टीतले दिवस आमच्यामुळे वाया गेले, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. माफ करा.

पण कार्बोरेटर साफ करून गाडी परत दिली असती, तर तुमच्या वडिलांच्या गाडीचं इंजिन आम्ही जाणूनबुजून मारलं असतं. तो पहिल्याच दिवशी साफ झाला होता. जुनं पेट्रोल सुकून पायलट जेटमध्ये (कार्बोरेटरच्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात) राळेसारखं बसलं होतं आणि एअर फिल्टरचा स्पंज भुगा होऊन आत ओढला गेला होता. दोन्ही काढल्यावर, बाहेरून बाटलीने पेट्रोल देऊन, गाडी चालू झाली. मात्र रेस सोडली तरी इंजिन खाली येईना, भणाणतच राहिलं. कार्बोरेटरचं सेटिंग आणि केबल ठीक असताना असं झालं, की कुठून तरी बाहेरची हवा आत शिरतेय असं समजायचं. कार्बोरेटर आणि सायलेन्सरची तोंडं बंद करून इंजिनात ६ पीएसआय दाबाची हवा भरली. ती ६ मिनिटं टिकायला हवी. इथे मिनिटभरात उतरली आणि मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूला साबणाच्या पाण्याचे बुडबुडे आले. क्रँकचं ऑइल सील, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याभोवतीची रबरी कडी, वाळून कडक झालं होतं.

टू-स्ट्रोकमध्ये हे सील गळणं फोर-स्ट्रोकसारखं नसतं. फोर-स्ट्रोकमध्ये बाहेर ऑइलचा डाग पडतो. इथे क्रँककेसमधूनच (क्रँकभोवतीच्या बंद घरातूनच) पेट्रोल-हवेचं मिश्रण वर जातं, त्यामुळे मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं की कोरडी हवा आत येते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि एखाद्या चढाला पिस्टन सिलिंडरला घासून पकडतो. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल ओढलं जाऊन पांढरा धूर येतो. ते तुमच्या गाडीत शाबूत निघालं, म्हणून बदललं नाही. सीलची किंमत किरकोळ आहे, पण हव्या मापाचं, चांगल्या रबराचं मिळेपर्यंत सहा दिवस गेले. हाताशी होतं ते आपटून बसवणं आम्हाला पटलं नाही.

त्यानंतर टाकी. तुम्ही लिहिलंय की गाडी पडवीत ताडपत्री घालून जपून ठेवली होती. भावना समजते, पण समुद्राकाठी ताडपत्रीच घात करते. जमिनीतून येणारी ओल आणि खारी हवा तिच्याखाली कोंडून राहते. त्यात टाकी अर्धी रिकामी होती. रिकाम्या भागात रात्री दव धरतं आणि वरचा अर्धा भाग गंजतो. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक खोलला तेव्हा तपकिरी गाळ निघाला. त्या टाकीला साफ कार्बोरेटर जोडला असता, तर अर्ध्या तासात जेट पुन्हा बंद झाला असता.

टाकी धुण्याची रीत सांगतो, म्हणजे दिवस कुठे गेले ते कळेल. आत नट-बोल्ट घालून हलवून पापुद्रे सोडवले. मग दहा लिटर गरम पाण्याला अर्धा किलो लिंबूसत्त्व या हिशेबाने टाकी काठोकाठ भरून रात्रभर ठेवली. पहिल्यांदा पाणी काळं निघालं, म्हणून दुसऱ्या रात्री पुन्हा. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारलं. खरी कसरत सुकवण्याची. उघड्या पडलेल्या पत्र्यावर श्रावणातल्या दमट हवेत थोड्याच वेळात नवा तांबूस गंज येतो. म्हणून लगेच गरम हवेचा ब्लोअर लावला आणि कोरडी होताच आतून पेट्रोल आणि टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल) फिरवलं. कॉकची जाळी आणि पेट्रोलची नळी नवी टाकली. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि त्या काळचं रबर त्यात टिकत नाही. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, म्हणून यापुढे गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटरचं पेट्रोल खालच्या स्क्रूने काढून टाका.

पेट्रोलमध्ये ऑइल आम्ही मुद्दाम मिसळलं, आणि तुम्हाला ते आधी सांगायला हवं होतं. बाजूच्या टाकीतलं जुनं ऑइल काकवीसारखं घट्ट झालं होतं. ते काढलं, त्या टाकीतून इंजिनात ऑइल सोडणाऱ्या पंपाचा स्क्रू ढिला करून नळीतली हवा बाहेर काढली, पंपाची खूण रेसच्या केबलशी जुळवली. तरीही एखादा बुडबुडा अडकला तर इंजिन कोरडं पळतं आणि ते कळेपर्यंत पिस्टन गेलेला असतो. म्हणून सोबत दिलेल्या पहिल्या ३ लिटर पेट्रोलमध्ये ७५ मिली टू-टी ऑइल घातलं. पंपाचं ऑइल चालूच असल्याने ते दुप्पट होतं आणि धूर निघतो. ते पेट्रोल संपलं की धूर कमी होईल. पुढे साधं पेट्रोल घाला. बाजूच्या टाकीतली पातळी मात्र दर आठवड्याला बघा.

टायरची नक्षी शाबूत होती, हे खरं. टायरच्या कडेला चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तुमच्या मागच्या टायरवर १९१२ होतं, म्हणजे २०१२ सालचा एकोणिसावा आठवडा. नऊ वर्षं एकाच जागी वजन घेऊन कडेला नख जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. पावसात, ओल्या जांभ्याच्या उतारावर अशा टायरवर आम्ही कुणालाही पाठवणार नाही. जुने दोन्ही टायर ठेवलेत, येऊन बघा. ब्रेकचं तेच. मागच्या एका लायनरचं अस्तर पट्टीवरून सुटलं होतं. तसं अस्तर ड्रममध्ये अडकलं तर चाक जाग्यावर थांबतं.

९,४०० पैकी ३,६०० टायर-ट्यूबचे, २,१०० मजुरी, बाकी ३,७०० मध्ये बॅटरी, लायनर, केबल, सील, फिल्टर आणि इतर सुटे भाग. हे आकडे प्रत्येक टप्प्यावर फोन करून तुम्हाला विचारायला हवे होते. आम्ही एकदाच फोन केला. आता बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला खोललेल्या भागाचा फोटो पाठवून होकार आल्याशिवाय भाग बदलत नाही.

उद्या सकाळी आमचा टेम्पो तुमच्या दारात येईल. झाकण बदलू, स्पार्क प्लग काढून त्याचा रंग बघू आणि सायलेन्सर उतरवून पिस्टनवर ओरखडे आलेत का ते तुमच्यासमोर तपासू. आले असतील तर त्याचा खर्चही आमचा. मागच्या वेळी तुम्ही दिलेलं टेम्पोचं भाडंही परत करतो. फक्त टाकीतलं पेट्रोल काढू नका. टाकी भरलेली असेल तरच झाकणाचा दोष पहिल्या फेरीत पकडता येईल.