विमान ‘आपटलं’ म्हणजे पायलट कच्चा? सांबऱ्याच्या धावपट्टीवरचे चार गैरसमज

पाऊस धरला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. त्यात चार दावे असतात. वारा मागून असला की विमान लवकर उडतं. तिरकं येणारं विमान पायलटच्या हातातून सुटलेलं असतं. आपटून उतरवणारा पायलट कच्चा. आणि न उतरवता परत वर नेणारा घाबरट. चारही चूक आहेत. तिसरा आणि चौथा तर घातक, कारण वैमानिकाने जे करायलाच हवं त्यालाच ते नावं ठेवतात.

वाऱ्याचं थोडक्यात आटोपतं. विमान उचलते ती पंखांवरून वाहणारी हवा, चाकांचा वेग नव्हे. १२० नॉटला (एक नॉट म्हणजे तासाला सुमारे १.८५ किलोमीटर) उचलणाऱ्या विमानाला समोरून २० नॉट वारा मिळाला, तर चाकं १०० नॉटनेच धावत असतात. लागणारी धाव वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून ती सुमारे ३० टक्क्यांनी घटते. उलट १० नॉट वारा मागून आला तर सुमारे १७ टक्क्यांनी वाढते. सांबरा म्हणजे बेळगावचा विमानतळ. त्याची धावपट्टी ०८-२६ (हे आकडे दिशांचे), म्हणजे जवळजवळ पूर्व-पश्चिम. घाटमाथ्यावरून येणारा पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा असतो, म्हणून त्या दिवसांत विमानं बहुधा पूर्वेकडून येऊन २६ वर उतरतात, वाऱ्याला तोंड देऊन.

आता तिरकेपणा. २६ म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेले २६० अंश. वारा २३० अंशांवरून २० नॉट असेल, तर त्याचा आडवा भाग १० नॉट आणि समोरचा १७. तोच वारा १७० अंशांवरून आला, तर सगळाच आडवा. ११० नॉटने येणाऱ्या एटीआरने (पंख्यांच्या इंजिनांचं छोटं प्रवासी विमान) अशा वेळी नाक धावपट्टीच्या रेषेत धरलं तर ते उत्तरेला वाहत जाईल. म्हणून पायलट नाक सुमारे १० अंश वाऱ्याकडे वळवून ठेवतो. कृष्णाकाठचा नावाडी पुरात नाव प्रवाहाकडे वळवूनच पलीकडचा काठ गाठतो, तसंच हे. जमीन अगदी जवळ आली की पायाने रडर (शेपटीवरचा उभा हलता भाग) दाबून नाक रेषेत आणायचं आणि वाऱ्याकडचा पंख किंचित खाली धरायचा. त्यामुळे त्या बाजूचं चाक आधी टेकतं. खिडकीतून पाहणाऱ्याला तो तोल गेल्यासारखा वाटतो, पण ते ठरवून केलेलं असतं.

‘आपटणं’ मात्र नीट समजून घ्यायला हवं. ओल्या धावपट्टीवर चाक आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा थर असतो. तो फुटला नाही तर टायर पाण्यावर तरंगतं आणि ब्रेक लागतच नाही. टायरमधल्या दाबाचं वर्गमूळ काढून त्याला ९ ने गुणलं की हा तरंगण्याचा वेग नॉटमध्ये मिळतो: २०० पीएसआयला (चौरस इंचावर २०० पौंड दाब) सुमारे १२७ नॉट. टेकताना चाक अजून फिरत नसतं, तेव्हा गुणक ७.७ धरतात, म्हणजे १०९ नॉटलाच धोका सुरू. ठामपणे टेकवलेलं चाक थर फोडतं आणि लगेच फिरू लागतं. जेटमध्ये चाकं फिरू लागल्याचं किंवा पायांवर भार आल्याचं कळल्यावरच पंखांवरचे स्पॉयलर, म्हणजे उचल मोडणाऱ्या पट्ट्या, उभे राहतात आणि विमानाचं वजन चाकांवर येतं. अलगद उतरवण्याच्या नादात विमान हवेत तरंगत ठेवलं, तर १३० नॉटला दर सेकंदाला ६७ मीटर धावपट्टी मागे पडते. पाच सेकंदांत ३३० मीटरहून जास्त गेली! सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फुटांवर आहे. इथली हवा विरळ, त्यामुळे वारा नसेल तर काट्यावर १३० नॉट दिसत असले तरी जमिनीवरचा वेग त्याहून जास्त असतो.

धावपट्टी २,३०० मीटर. नियमानुसार जेट कोरड्या पट्टीवर उपलब्ध लांबीच्या ६० टक्क्यांत, म्हणजे १,३८० मीटरमध्ये थांबू शकलं पाहिजे. ओल्या पट्टीसाठी १५ टक्के जादा लांबी धरावी लागते, म्हणून हाच आकडा १,२०० वर येतो. पाणी ३ मिलिमीटरहून जास्त साचलं तर धावपट्टीच्या स्थितीचा अंक (६ म्हणजे कोरडी; अंक जितका कमी तितकी पट्टी निसरडी) ५ वरून थेट २ होतो आणि गणित नव्याने मांडावं लागतं. बाकी प्रवासी विमानाचे पाय सेकंदाला १० फूट वेगाने खाली येण्याचा मार सोसतील असेच बनवलेले असतात. खरोखर जास्त आपटलं तर यंत्रात नोंद होते आणि तपासणी होईपर्यंत विमान उडत नाही.

राहिला ‘घाबरट’ पायलट. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला पावसात, मागून वारा असताना एक विमान उतरलं. २,७०० मीटरच्या धावपट्टीवर ते टेकलं सुमारे १,३५० मीटरवर. ते पुढे दरीत गेलं आणि २१ जणांचा जीव गेला. वेग, उंची किंवा रेष जमली नाही, ठरलेल्या पट्ट्यात चाकं टेकत नाहीत असं दिसलं, तर इंजिनांचा जोर पूर्ण देऊन वर जायचं, हाच नियम. पर्यायी विमानतळ गाठण्याचं इंधन आणि त्यावर अर्ध्या तासाचं राखीव, हे निघतानाच भरलेलं असतं. म्हणून सांबऱ्यावरून परत फिरलेलं विमान दुसरीकडे उतरलं तर तो आधीच आखलेला मार्ग असतो.