चाकं आधी, गाडी मागून

भावी क्रॉसओव्हरची, म्हणजे एसयूव्हीचा आव आणणाऱ्या उंच कारची, ‘झलक’ दाखवणारी कॉन्सेप्ट कार, म्हणजे वाहन प्रदर्शनात मांडायची नमुना गाडी, डिझाइन करायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय ना? मग लगेच गाडी काढायला बसू नका. आधी दोन चाकं काढा. मोठी. छे, अजून मोठी. चाकं गाडीच्या निम्म्या उंचीला आली की उरलेल्या जागेत गाडी आपसूक मावते. रिम २२ इंची तरी हवीच, आणि टायर इतका पातळ की रिमला काळी पट्टी चिकटवल्यासारखा दिसावा. मीटिंगमध्ये कोणी खड्ड्यांचा विषय काढलाच तर त्याला पुढच्या मीटिंगला बोलावू नका.

काचांच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्या. खिडकी म्हणजे पत्रपेटीची फट. मागच्या सीटवरच्या माणसाला बाहेरचं काही दिसणार नाही हे खरं, पण तिथे बसणार आहे कोण?

मधला खांब, ज्याला गाडीवाले बी-पिलर म्हणतात, तो उडवून टाका आणि दरवाजे कपाटासारखे समोरासमोर उघडू द्या. बाजूने धडक बसली तर तोच खांब आतल्यांना वाचवतो, पुढच्या सीटचा बेल्टही बहुधा त्यालाच अडकवलेला असतो. पण फिरत्या मंचावर येऊन तुम्हाला धडकणार कोण? आरसे काढा, त्यांच्या जागी काडीएवढे कॅमेरे लावा. वायपर काढा. नंबरप्लेटची जागा तर कोणाच्या लक्षातही येत नाही, ती सपाट करून टाका.

दरवाजांची हँडलं लपवा आणि हे उद्याचं डिझाइन आहे असं ठणकावून सांगा. जनरल मोटर्सचे डिझाइनप्रमुख हार्ले अर्ल यांच्या १९३८ च्या ब्युइक वाय-जॉबची, म्हणजे जिला पहिली कॉन्सेप्ट कार मानतात तिची, हँडलंही अशीच अंगासरशी होती आणि पुढचे दिवेसुद्धा झाकणाआड लपायचे, ही आठवण करून देणारा एखादा म्हातारा गर्दीत असतोच. त्याच्याकडे बघून नुसतं हसा. अर्ल ती गाडी कित्येक वर्षं स्वतः चालवत. तेवढी चूक तुम्ही करू नका. तुमची गाडी माणसाच्या चालीनं मंचावर चढली तरी पुष्कळ झालं.

आता काळं प्लास्टिक. इथे मी जरा गंभीर होतो, कारण क्रॉसओव्हरचं सगळं मर्म त्यात आहे. क्रॉसओव्हर ही मुळात कारच. ट्रकसारखी शिडीवजा चासी नाही, कारसारखाच एकसंध सांगाडा, फक्त टाचा उंच केलेल्या. उंच केली की पत्र्याची भिंत थोराड दिसू लागते. म्हणून चाकांच्या कमानींना आणि खालच्या कडेला काळं प्लास्टिक लावायचं. डोळा तेवढा भाग हिशेबातच धरत नाही. रंगीत अंग सडपातळ दिसतं आणि गाडी आहे त्याहून वर उचलल्यासारखी वाटते. बंपरखाली चंदेरी रंगाचा आणखी एक तुकडा जोडा. त्याला स्किड प्लेट, म्हणजे दगडधोंड्यांपासून गाडीचं पोट वाचवणारा पत्रा, म्हणा. तोही बहुतेक वेळा प्लास्टिकचाच, पण आत्ताच डोंगर उतरून आल्याचा भाव त्याच्या चेहऱ्यावर असतो.

दिवे? भुवईएवढी एक रेघ वर. खरे दिवे खाली बंपरमध्ये दडवा.

हे सगळं झालं की खरी गोम ऐका. तुम्हाला वाटत असेल, तुम्ही आधी स्वप्न काढणार आणि मग इंजिनियर मंडळी त्यातून गाडी बनवणार. अहो, पत्रा दाबायचे साचे असे रातोरात तयार होत नाहीत. निसानची कझाना ही कॉन्सेप्ट जिनिव्हाच्या प्रदर्शनात मार्च २००९ मध्ये दिसली आणि वर्षभरात ज्यूक म्हणून हजर झाली. टोयोटा सी-एचआरचं पाच दारांचं कॉन्सेप्ट रूप फ्रँकफर्टला २०१५ च्या सप्टेंबरात आलं, विक्रीची गाडी मार्च २०१६ मध्ये जिनिव्हात. म्हणजे झलक दाखवली तेव्हा गाडी शिजून तयार होती. तेव्हा तुम्हीही ठरलेली गाडी पुढ्यात घ्या आणि तिच्यातून एकेक वस्तू काढत जा. वर्षभराने त्याच वस्तू एकेक करून परत लावा. लोक म्हणतील, ‘जवळजवळ कॉन्सेप्टसारखीच आणली हो!’ म्हणतातच.

उलट्या वाटेनं गेलात तर पाँटियाक अ‍ॅझ्टेक आठवा. १९९९ च्या कॉन्सेप्टमध्ये रुबाबदार दिसलेलं प्रकरण पुढे मिनीव्हॅनच्या तयार सांगाड्यावर बसवलं, आणि कुरूप गाड्यांच्या याद्यांत ते अजून वरच्या नंबरावर आहे.

गाडीसोबतच्या प्रसिद्धी निवेदनात ‘शिल्पासारखी’, ‘स्नायूबद्ध’ आणि ‘डिझाइनची नवी भाषा’ हे शब्द हवेतच. भाषा हवी, व्याकरण कोणी विचारत नाही.

राहता राहिला कापडवाला. मऊ कापड घेतलेला एक माणूस गाडीशेजारी उभा करायला विसरू नका. एखादं पोर दोरी ओलांडून येईल, मागच्या दारावरून तळवा फिरवत हँडल शोधेल, सापडलं नाही की वाकून खालून चाचपेल, मग आईला हाक मारेल. तिलाही सापडणार नाही. तोवर त्या मॅट रंगावर दोघांची दहा बोटं उमटलेली असतील. कापडवाल्यानं ती पुसायची आणि हँडल कुठे आहे हे विचारलं तर वरच्या साहेबांकडे बोट दाखवायचं.