फाईल माझी, कॉम्प्युटर माझा, तरी उघडेना

अरे फाईल माझ्याच डेस्कटॉपवर आहे ना, मग दिसत का नाय? अकाउंटचं सॉफ्टवेअर पुण्यातल्या सर्व्हरवर, मी देवगडात बसून ते रिमोट डेस्कटॉपने (म्हणजे इथूनच तिथला कॉम्प्युटर चालवायची सोय) वापरतो, आंब्याच्या पेट्यांची एक्सेल माझ्या लॅपटॉपवर. इम्पोर्ट दाबलं की सी ड्राइव्ह येतो, पण तो सर्व्हरचा! माझा बसलाय 'टीएसक्लायंट' नावाखाली लपून, तोही रिमोट डेस्कटॉप जोडायच्या आधी त्याच्या सेटिंगमधल्या 'लोकल रिसोर्सेस'मधे माझ्या ड्राइव्हला टिक केली असेल तरच. विसरलात? मग तोडा, परत जोडा, परत पासवर्ड, परत ओटीपी, आणि ओटीपीसाठी रेंज शोधत खळ्यात जा, कारण घरात चिऱ्याच्या जाड भिंती. बरं ड्राइव्ह दिसला तरी फाईल इथल्या नेटवरून रांगत रांगत तिकडे जाणार, तोवर खिडकी पांढरी, 'नॉट रिस्पॉन्डिंग', आणि तेवढ्यात ढग गडगडले की लाईट गेलीच म्हणून समजा. सपोर्टवाला थंडपणे सांगतो, "सर, आधी फाईल सर्व्हरवर कॉपी करून घ्या." बाबा रे, मगासपासून दुसरं काय करतोय मी! काल वैतागून १८६ ओळी हाताने टाईप केल्या. १४२ व्या ओळीत पेट्या आणि डझन उलटे पडलेत, ते आज सकाळी चहा पिताना दिसलं.