लंगोट धुणार कोण?

गेल्या डिसेंबरात सांगलीला आलो होतो. एका सकाळी मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडापाशी उकिडवा बसून मी लेकीचे लंगोट पिळत होतो. कुंपणापलीकडच्या काकूंनी दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा त्यांना राहवलं नाही. "काय रे, बायको बरी आहे ना?" बरी आहे की, आत झोपलीय. "मग आई?" आईही बरी आहे. काकू गप्प झाल्या. घरात दोन धडधाकट बायका असताना बाप्यानं शीचे कपडे धुवावेत याला त्यांच्याकडे कारणच सापडेना. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी झाली की परदेशात माझी नोकरी गेली असावी.

हेच काम मी ब्रिटनमध्ये, वेल्समधल्या स्वॉन्झीत करतो तेव्हा कौतुक होतं. बाळाचं वजन करायला घरी येणाऱ्या नर्सबाईंनी बाल्कनीतली दोरी बघितली आणि "अरे वा, कापडी!" म्हणाल्या. मलाही छाती थोडी फुगल्यासारखी वाटली. खोटं कशाला बोलू?

ह्या छाती फुगण्यातूनच पुढचा घोळ झाला. दोरीवर रांगेनं वाळत घातलेल्या रंगीबेरंगी लंगोटांचा एक फोटो मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. वीस लंगोट, मागं समुद्र, चुकून पडलेलं ऊन. मला वाटलं होतं, चार बदाम आणि दोन नमस्कार येतील. तेही आले, पण आत्यानं खाली लिहिलं, "बघा, इंग्लंडला राहून हे लोक कापडी वापरतात, आणि इथं आपल्या पोरींना हगीजशिवाय चालत नाही." (वेल्सला इंग्लंड म्हटलेलं इथल्या माणसांना अजिबात खपत नाही, पण आत्याला ते कोण सांगणार!) हा टोला माझ्या चुलतभावाच्या बायकोला होता. वहिनी सांगलीतच विश्रामबागला बँकेत आहेत, पोरगं तेव्हा आठ महिन्यांचं होतं, आणि त्या त्याला डायपर लावतात. वहिनी ग्रुपवर एक शब्द बोलल्या नाहीत. मला मात्र वेगळा निरोप आला: "भाऊजी, फोटो छान आहे. पुढच्या वेळी बादलीचाही टाका."

त्या निरोपाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. ते इथं देतो.

तो फोटो खोटा नाही, पण त्यातले लंगोट मी धुतलेले नव्हते. बाळंतपणाला माझ्या सासूबाई मिरजेहून आल्या होत्या, सहा महिन्यांच्या व्हिसावर. मशीन त्यांना मान्य नव्हतं. "त्यात तुमचे मोजे जातात, त्यातच बाळाचं?" असं म्हणून त्यांनी बाथरूममध्ये बादली मांडली, आणि रोज सकाळी नळाखाली एकेक लंगोट चोळून, खळबळून, पिळून वाळत घातला. वयाच्या बासष्टाव्या वर्षी, गुडघे दुखत असताना. थोडक्यात, "परदेशातसुद्धा लोक कापडी वापरतात" याचा पुरावा म्हणून घरोघर फिरलेल्या त्या फोटोतलं प्रत्येक कापड मिरजेच्या बाईनंच हातानं धुतलेलं होतं. परदेशी फक्त समुद्र होता.

सासूबाई परत गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मी मशीन लावलं. आमच्याकडची पद्धत अशी: शी असेल तर आतला पातळ कागदी थर उचलून ती संडासात टाकायची, लंगोट झाकणाच्या बादलीत कोरडाच ठेवायचा, एक दिवसाआड सगळे मशीनमध्ये. आधी गार पाण्यात एक फेरी, मग साठ अंशांवर धुणं. कपडे मऊ करणारं ते सुगंधी द्रव्य घालायचं नाही, त्यानं कापड पाणी पीत नाही. एकूण माझे हात लागतात ते दहा मिनिटं. सासूबाईंना रोजचा पाऊण तास लागायचा. नर्सबाईंचं "अरे वा" ह्या दहा मिनिटांसाठी होतं. पाऊण तासवाल्या बाईंना ते कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही, आणि त्यात मीही आलो.

आमच्या शेजारी ऐंशी ओलांडलेल्या वेल्श आजी राहतात. परदेशातले लोक पूर्वजांच्या शहाणपणाकडे वळले, ही जी आपल्याकडची समजूत आहे ती त्यांना एकदा ऐकवायला हवी. त्यांच्या काळात इथंही कापडच होतं, टॉवेलच्या कापडाचे चौकोन आणि ही मोठी सेफ्टी पिन. त्यांनी तीन पोरं त्यावर वाढवली. माझी दोरी बघून त्यांना गहिवरून वगैरे आलं नाही. "त्या बादलीचा वास मला अजून येतो," म्हणाल्या आणि नाक मुरडून आत गेल्या. अमेरिकेत पॅम्पर्स १९६१ साली बाजारात आलं. ते आयांच्या आळसामुळे खपलं असं म्हणणाऱ्यांनी आधी त्या आजींची बादली उचलून बघावी.

आता मुद्द्यांचं बोलू, कारण ग्रुपवर नंतर बरेच मुद्दे आले. डायपरनं बाळाचे पाय फाकतात, हा सगळ्यांत लाडका. सगळ्याच बाळांचे पाय सुरुवातीला गुडघ्यांपाशी कमानदार असतात आणि साधारण दोन वर्षांच्या आसपास आपोआप सरळ होतात. लंगोट लावा, डायपर लावा, उघडं ठेवा, काही फरक पडत नाही. उलट पाय सरळ ताणून दुपट्यात घट्ट गुंडाळणं खुब्याच्या सांध्याला वाईट, आणि ते आपण मोठ्या कौतुकानं करतो. पुरळाचंही तसंच. ओलं आणि शी कातडीला फार वेळ लागून राहिली की पुरळ येतं. डायपरच्या आत सोडियम पॉलिअॅक्रिलेटचे कण असतात, ते शू शोषून त्याची जेली करतात, म्हणून वरची बाजू कोरडी लागते. कापड तसं करत नाही, ओलं झालं की ओलंच. तेव्हा कापडी वापरणाऱ्याला जास्त वेळा बदलावं लागतं, म्हणजे जास्त वेळा धुणं. फिरून पुन्हा बादलीपाशीच आलो.

(हगीज हे नाव ठेवणाऱ्याला मराठी येत नसणार, किंवा फारच चांगलं येत असणार. सांगलीत कुठल्याही कंपनीचा डायपर हगीजच असतो, आणि दुकानात ते मागताना कुणालाही हसू येत नाही, ह्याचं मला दर खेपेला नवल वाटतं.)

पर्यावरणाचा मुद्दा खरा आहे, पण आत्या समजते तितका सरळ नाही. ब्रिटनच्या पर्यावरण खात्यानं २०२३ मध्ये दोन्हींचा जन्मापासून कचऱ्यापर्यंतचा हिशोब मांडला. एका बाळाच्या अडीच वर्षांत डायपरमुळे सुमारे ४५७ किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार पडतो, धुण्याच्या लंगोटांमुळे सुमारे ३४५ किलो. म्हणजे पाव हिस्सा कमी. २००८ च्या हिशोबात तर दोघं जवळजवळ बरोबरीत होते. डायपरचा भार मुख्यतः तो बनवण्यात असतो आणि लंगोटाचा धुण्या-वाळवण्यात. पूर्ण मशीन भरून धुतलं, बाहेर वाळवलं, पाठच्या भावंडालाही तेच वापरलं, की लंगोट बराच पुढं जातो. सगळं ड्रायरमध्ये वाळवलं, की कमावलेलं तिथंच जातं.

आणि इथंच मला हसू येतं. स्वॉन्झी हे ब्रिटनमधल्या सर्वांत पावसाळी शहरांपैकी एक. नोव्हेंबर ते मार्च माझे लंगोट दोन-दोन दिवस घरात लोंबकळतात, भिंतींना दमट वास येतो, शेवटी हार मानून ड्रायर लावतो. सांगलीत वर्षातले आठ महिने कडक ऊन. दगडावर आपटा, दोरीवर टाका, दोन तासांत पापडासारखं. पावसाळ्यात आजी शेगडीवर डालगं पालथं घालून त्यावर दुपटी वाळवायची, त्यांना धुराचा आणि वावडिंगाचा वास यायचा. कापडाचीही कमी नाही, धोतरं आणि पॉपलीन विणणारी इचलकरंजी तासाभराच्या वाटेवर आहे. लंगोटासाठी सांगली आदर्श गाव आहे. मला ते ऊन डब्यात भरून न्यावंसं वाटतं. फक्त इथं मशीन धुतं, आणि तिथं धुण्यासाठी कुणीतरी बाईच लागते, असं सगळ्यांनी धरून ठेवलंय.

पाण्याचं काय, हा प्रश्न ग्रुपवर कुणी काढला नाही. कारण ग्रुपवरचे सगळे कृष्णाकाठचे. माझी मावशी जत तालुक्यात दिली. तिच्या धाकट्याच्या वेळी टँकर तीन दिवसांनी यायचा. "लंगोट?" ती म्हणाली. "पोर उघडंच असायचं. शू केली की चिंधीनं पुसायचं आणि चिंधी उन्हात." एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, पहिल्या फेरीला पाच लाख लिटर, देशभर बातमी झाली. मिरज ज्या सांगली जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यात जत होतं. मावशीला कापडी लंगोटाचे फायदे सांगायला जाईल असा माणूस आमच्या घरात नाही, मग वहिनींना सांगायला सगळे कसे धावतात?

उलट बाजूही बघितलीय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पुराचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा माझी मामेबहीण गावभागात दुसऱ्या मजल्यावर अडकली होती, दोन महिन्यांचं बाळ घेऊन. वीज नाही, नळ नाही, खाली छातीभर पाणी. बोटीतून बिस्किटांबरोबर डायपरचा एक पुडा आला. ती आजही सांगते, दुधाच्या पिशवीपेक्षा त्याचा आनंद जास्त झाला. आणि पाणी ओसरल्यावर रस्तोरस्ती चिखलात जे ढीग लागले त्यांत गाद्या, धान्य, वह्या यांच्याबरोबर फुगून टम्म झालेले डायपरही होते, तेही तिनंच सांगितलं.

कचऱ्याबाबत मात्र इथलं एक घेण्यासारखं आहे. वेल्समधल्या बऱ्याच काउन्सिली, म्हणजे इथल्या नगरपालिका, वापरलेले डायपर वेगळे गोळा करतात. त्यांतले तंतू काढून डांबरात मिसळून २०२२ मध्ये ए-४८७ ह्या किनाऱ्याच्या रस्त्याचा दोनेक किलोमीटरचा तुकडा केला, लाखभर डायपर त्यात गेले. आपल्याकडे २०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिलं होतं की उत्पादकानं डायपरबरोबर तो गुंडाळून टाकायला पिशवी द्यावी. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेनं लाल ठिपक्याची मोहीम काढली: कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडणाऱ्याला आत काय आहे ते कळेल. आमच्या गल्लीत मी डिसेंबरभर बघितलं. डायपर काळ्या पिशवीत, पिशवी घंटागाडीत, आणि गाडीवरचा पोरगा ती उघडून उघड्या हातानं ओलं-सुकं वेगळं करतोय. वहिनींवर टीका करायचीच असेल तर ह्या एका गोष्टीसाठी करता येईल. पण ती मग माझ्या आईवरही, काकूंवरही आणि आत्याच्या सुनेवरही होईल, आणि आत्याला ते परवडणार नाही.

स्वॉन्झीत आणखी एक सोय आहे, लंगोटांची लायब्ररी. नवीन आईबाप आठवडे-दोन आठवडे वेगवेगळ्या प्रकारचे लंगोट घरी नेतात, वापरतात, धुऊन परत करतात. जमलं तर विकत घ्यायचे, नाहीतर नाही. आम्ही तसेच सुरू झालो. नंतर बहुतेक सगळे दुसऱ्याच्या बाळाचे, वापरलेले घेतले. आईला हे कळल्यावर ती म्हणाली, "त्यात काय नवीन? तुझे सगळे लंगोट तुझ्या दादाचेच होते."

डिसेंबरात परत निघताना मी दहा लंगोट वहिनींकडे ठेवले. घ्या असं म्हटलं नाही, फक्त दाखवले आणि कसे धुवायचे ते सांगितलं. सांगताना मुद्दाम दादाला, म्हणजे त्या चुलतभावाला, समोर बसवलं. वहिनींनी एक उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "भाऊजी, हे सगळं मला कशाला सांगताय? मला बदलायचे आहेत, धुवायचे यांना आहेत." दादा हसला. त्याला तो विनोद वाटला होता.

मार्चमध्ये फोन केला तेव्हा त्यांचं एक गणित बसलं होतं. दिवसा घरी असेल तेव्हा कापडी, रात्री आणि पाळणाघरात डायपर. नळाला पाणी येतं सकाळी सहाला, त्या वेळात दादा बादली काढतो. पहिले चार दिवस त्यानं शी न झटकताच लंगोट मशीनमध्ये टाकले, त्यात आण्णांचं धोतर निघालं, मग शिकला. आता गच्चीवर दोरी बांधलीय.

वहिनींनी तिचा फोटो मला पाठवला. दोरीवर दहा लंगोट आणि खाली, हाफ पँटमध्ये, तोंडात दोन चिमटे धरलेला दादा. ग्रुपवर टाकू का, विचारलं. "टाका की," म्हणाल्या. टाकला. दोन दिवस झाले, आत्यानं बघितलाय, निळ्या खुणा दिसतात.